अप्पांचा बुधवार

१

पाटली सापडली ती मुक्ताईच्या पिशवीत. जेवणाच्या डब्याखाली, तिच्याच रुमालात गुंडाळलेली. वहिनीनं ती दोन बोटांत वर धरली आणि जिन्यात जाऊन अशी काही ओरडली, की तिन्ही मजल्यांची दारं धाडधाड उघडली. "चोर निघाली हो आमची बाई! दिवसाढवळ्या चोर!"

भाग्यश्रीला हे फोनवर कळलं तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. फोन धाकट्या भावाचा, सौमित्रचा. "ताई, ताबडतोब ये. आईच्या पाटल्या गेल्या. एक मुक्ताईंच्या पिशवीत मिळाली, दुसरीचा पत्ता नाही. दादा बारा वाजता पोलिसांना बोलावणार आहे." मग त्यानं आवाज खाली आणला. "आणि अप्पांचं काहीतरी बिनसलंय गं. त्यांना आजचा वारच कळत नाहीये."

भाग्यश्री हातातलं काम टाकून उठली. पाटल्यांपेक्षा ह्या दुसऱ्या वाक्यानं. अप्पा म्हणजे बद्रीनाथ केळकर, चाळीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. वय शहाऐंशी, डोळ्यांत मोतीबिंदू, खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेला, पण डोकं? अहो, डोकं असं की अजून तोंडी व्याज काढून दाखवावं.

आता भाग्यश्रीचा धंदा सांगायला हवा. ती विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करायची. जळालेली दुकानं, चोरीला गेलेल्या गाड्या आणि मेलेली माणसं. काही खरी मेलेली, काही नुसती कागदावर. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या घरातलं खोटं शोधून तिनं पगार घेतला होता. स्वतःच्या माहेरी ही वेळ येईल असं तिला कुणी सांगितलं असतं, तर तिनं त्याला सरळ जिन्याखाली पोचवला असता.

सिंहगड रस्त्यावरून सदाशिव पेठेत यायला स्कूटरला तासभर लागला. लिफ्ट नसलेले तीन जिने चढून ती धापा टाकत दारात आली. दाराच्या कडीला सकाळची फुलपुडी तशीच लटकत होती. आत कुणीतरी रडत होतं.

२

रडत होती मुक्ताई. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून, पदर तोंडात धरून. यवतमाळकडची बाई, पंचेचाळिशीची. तीन वर्षं अप्पांचं सगळं करत होती. मुलगी नर्सिंगला, होस्टेलवर. पोलिसात एकदा नाव गेलं की कामाला पाठवणाऱ्या ब्युरोतून नाव कटणार आणि मग पुण्यात तिला कुणी दारात उभं करणार नाही, हे ती स्वतःच पुन्हा पुन्हा सांगत होती.

"मी नाही घेतलं जी ताई. मले काय मालूम ते पिशवीत कसं आलं? आल्यापासून पिशवी खुंटीवर, अन् मी अप्पांपाशी."

"पाटली काय चालत गेली पिशवीत?" वहिनी म्हणाली.

"वहिनी, जरा थांब," भाग्यश्री म्हणाली. "आधी मला सकाळ सांगा. एकेकानं."

सकाळ अशी होती. पावणेआठला वहिनीनं मधल्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं, तेव्हा स्टीलचा डबा जागेवर होता, पाटल्या आत होत्या. आठला ती मंडईत गेली. एकादशी होती, रताळी आणायची होती. नऊला परत आली ती कपाटासमोरच भाजी निवडत बसली. साडेनऊला अप्पांनी सौमित्रला डबा आणायला सांगितलं. डबा रिकामा. म्हणजे चोरी झाली ती आठ ते नऊच्या मध्ये.

त्या तासात घरात चार माणसं. सौमित्र पुढच्या गॅलरीत. ह्या सोमवारी संध्याकाळी त्यानं घरभर बिनतारी स्पीकर बसवले होते. एक हॉलमध्ये, एक स्वयंपाकघरात, एक अप्पांच्या खोलीत, एक देवघरात. पाचवा गॅलरीतला राहिला होता, तो बसवायला तो आज आठलाच आला. स्पीकर पाहून अप्पा म्हणाले होते, "सौमित्र, हे घर आहे की एसटी स्टँड? आता फलाट क्रमांकही सांगत जा."

"मी स्टुलावर होतो आणि कानाला ऑफिसचा व्हिडिओ कॉल," सौमित्र म्हणाला. "पाऊण तास. आठ जणांनी माझं तोंड बघितलंय. पाहिजे तर विचार."

दादा, म्हणजे थोरला बाळ, देवघरात. आठ ते पावणेनऊ त्याची पूजा. पस्तीस वर्षांत चुकली नव्हती. दार लावून, सोवळ्यात, खणखणीत आवाजात. आजही सगळ्यांनी ती ऐकली होती. सौमित्रनं गॅलरीतून, मुक्ताईनं मागच्या खोलीतून, शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून.

"राहिली कोण?" दादा शांतपणे म्हणाला. तो आरामखुर्चीत बसला होता. "भागू, तूच हिशेब कर. तुझं तर कामच ते."

"मुक्ताई त्या वेळी कुठे होत्या?"

"अप्पा म्हणतात, त्यांच्यासमोर बसून पेपर वाचत होती. अख्खा तास." दादानं सुस्कारा सोडला. "पण अप्पांच्या शब्दावर आता कसं जायचं? अप्पा बुधवारात आहेत."

"म्हणजे?"

"आज शुक्रवार. अप्पांच्या मते बुधवार. हिनं साबुदाण्याची खिचडी दिली, तर म्हणाले, आज नवमी, उपास कसला? मुक्ताईनं पेपर वाचला, तर म्हणाले, हा परवाच्या तारखेचा पेपर आजच कुठून आणलास? मी डॉक्टरांना बोलावलंय बाराला. लिहून देतील काय ते." त्यानं डोळे पुसले. "वाईट वाटतं गं. पण असा माणूस साक्षीला उभा करायचा?"

भाग्यश्रीनं घड्याळ पाहिलं. साडेअकरा झाले होते.

३

अप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"अप्पा, मी आलेय."

"कोण, भागू? बस." ते वळले नाहीत. "आज वार कोणता, ते मला विचारू नकोस. सकाळपासून चार जणांनी विचारून झालंय."

अशा वेळी अप्पा टोमणा मारायचे आणि स्वतःच हसायचे. आज हसले नाहीत. भाग्यश्रीनं जन्मात पहिल्यांदा बापाला घाबरलेलं पाहिलं.

"मुक्ताई इथे होती गं," ते म्हणाले. "शपथेवर सांगतो. पण माझ्या शपथेला किंमत काय? ज्याला वार कळत नाही, त्याला समोरची बाई काय कळणार? त्या बिचारीला माझ्या म्हातारपणापायी कोठडी."

"डब्यात पाटल्याच होत्या ना फक्त?"

अप्पा आता वळले. "कागद होता. माझं मृत्युपत्र. गेल्या रविवारी लिहिलं, खालच्या मजल्यावरच्या दोघांच्या सह्या घेतल्या. तेच सौमित्रला दाखवायला डबा मागवला. कागदही गेला. पण त्याबद्दल कुणी बोलेना, आणि मीही बोललो नाही. म्हणायचे, असा कागद कधी नव्हताच, म्हाताऱ्याच्या मनाचे खेळ."

भाग्यश्री ताठ बसली. घरकाम करणारी बाई पाटली घेईल एक वेळ. पण मृत्युपत्राचं काय लोणचं घालेल? आणि दोनांतली एकच पाटली पिशवीत ठेवून दुसरी कुठे ठेवेल? ज्यानं कुणी ती ठेवली, ती सापडावी म्हणूनच ठेवली. चोराला हवा होता कागद.

"नवं लिहा, अप्पा. आज, आत्ता."

"डॉक्टरनं एकदा लिहून दिलं की ह्याचं डोकं चालत नाही, मग माझ्या सहीला कोण विचारतो?"

खरंच की! कागद चोरायचा आणि वर म्हाताऱ्याला वेडं ठरवायचं, म्हणजे दुसरा कागद जन्माला यायलाच नको. पण अप्पांचा बुधवार कुणी मुद्दाम कसा घडवून आणेल? तो तर त्यांच्याच डोक्यात होता.

"अप्पा, काल काय काय झालं, आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? काल गुरुवार. दुपारी तुझा फोन आला, तुझ्या गुडघ्याचं रडगाणं ऐकलं. मुक्ताईनं नखं कापली. दशमी होती."

"काल गुरुवार," भाग्यश्री सावकाश म्हणाली. "मग आज बुधवार कसा होईल?"

"तेच तर!" म्हातारा जवळजवळ किंचाळला. "तेच मला कळत नाहीये! मला काल गुरुवार झाल्यासारखा आठवतो, आणि आज बुधवार आहे. म्हणजे तो गुरुवार मी स्वप्नात पाहिला असेन. असंच सुरू होतं म्हणतात."

"पण आज बुधवार आहे, हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

"सांगायला कशाला हवं? मला ना कॅलेंडर दिसत, ना घड्याळ. माझा दिवस बाळच्या पूजेनं सुरू होतो. मीच त्याला शिकवली. संकल्पात तिथी सांगायची, वार सांगायचा, रोजचा रोज. आज बाळ म्हणाला, 'नवम्यां तिथौ, सौम्यवासरे.' सौम्यवासर म्हणजे बुधवार. स्पष्ट ऐकलं मी." अप्पांनी तोंड पुन्हा भिंतीकडे वळवलं. "बाळ पूजेत चुकणार नाही. पस्तीस वर्षांत चुकला नाही. मग चुकलो तो मीच ना?"

४

भाग्यश्री खोलीबाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. चौकशीत कितीदा तरी उत्तर असं अचानक समोर येऊन उभं राहायचं, आणि तिला बरं वाटायचं. आज तिला वाटलं, हे उत्तर चुकीचं ठरू दे.

नाही, नाही. दादा चुकलाही असेल. माणूस आहे, वार चुकतो. पण वार चुकला तर तिथीही नेमकी त्याच दिवसाची कशी चुकेल? दोन्ही परवाची. कॅलेंडरवर बघून रोज संकल्प सांगणारा माणूस एकदम दोन दिवस मागे कसा जाईल?

तिनं देवघराचं दार ढकललं. आत मोठा माणूस जेमतेम बसेल एवढी जागा. फळीवर सौमित्रनं बसवलेला काळा गोल स्पीकर. खाली देव. देवांच्या डोक्यावर पिवळी शेवंती होती, कडा तपकिरी पडलेली, मान टाकलेली. गंध वाळून त्याचे पोपडे निघाले होते. ताम्हन कोरडं ठणठणीत.

आजची फुलं बाहेर दाराच्या कडीला लटकत होती. तिनं येताना स्वतःच पाहिली होती.

"सौमित्र," तिनं हळूच हाक मारली. "देवघरात स्पीकर लावायचं कुणाच्या डोक्यात आलं?"

"दादाच्याच. मलाही नवल वाटलं. साधा फोटो पुढे पाठवता येत नाही त्याला. पण मंगळवारी फोन करून विचारलंन, फक्त देवघरातल्या स्पीकरवर कसं लावायचं, बाकीचे वाजले नाही पाहिजेत. म्हणाला, स्तोत्रं ऐकेन."

"आवाज कसा येतो त्याच्यातून?"

"दार लावलं ना, तर आत माणूस बसलाय की स्पीकर, सांगता येणार नाही. पैसे त्याचेच तर..." बोलता बोलता त्याचं लक्ष देवांकडे गेलं, मग बहिणीच्या तोंडाकडे. त्याचा रंगच उडाला. "ताई. नाही हं. ताई, काहीतरी बोलू नकोस."

ती काही बोललीच नव्हती.

५

हॉलमध्ये दादा तसाच आरामखुर्चीत होता. हातात फोन, पोलीस चौकीचा नंबर काढून ठेवलेला. वहिनी त्याच्याशेजारी. मुक्ताई उंबऱ्याशी.

"दादा," भाग्यश्री म्हणाली, "आज पूजा केलीस?"

"हा काय प्रश्न झाला? सगळ्यांनी ऐकली."

"ऐकली सगळ्यांनी. केलीस का, ते विचारतेय."

दादाचा अंगठा फोनवर तसाच राहिला.

"बुधवारी तू पूजा फोनवर रेकॉर्ड केलीस," ती म्हणाली. ती थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. "आज आठला देवघरात गेलास, दार लावलंस, रेकॉर्ड स्पीकरवर सुरू केलंस, आणि बाहेर आलास. सौमित्र गॅलरीत, वहिनी मंडईत, अप्पा आणि मुक्ताई मागे. मधली खोली तुझीच. डबा काढलास, कागद काढलास, पाटल्या काढल्यास. एक मुक्ताईंच्या पिशवीत घातलीस. मग पुन्हा देवघरात शिरलास आणि पावणेनऊला बाहेर आलास, सोवळ्यातच. एवढंच विसरलास, की संकल्पात तू परवाची तिथी सांगितलीस. तुला ते तोंडपाठ. रोज बदलतोस, पण बदलतोस हे तुझं तुलाच कळत नाही. आणि घरात ते ऐकणारा एकच माणूस होता."

"भागू, तोंड सांभाळून बोल!" वहिनी उठली. "तुझा थोरला भाऊ आहे तो!"

"वहिनी, देवघरात जाऊन बघ. देव पारोसे आहेत."

वहिनी गेली. बाहेर आली ती नवऱ्याकडे बघत राहिली, एखाद्या परक्या माणसाकडे बघावं तशी.

"अप्पा वार चुकले ते कशामुळे, हे तुला कळलं होतं," भाग्यश्री म्हणाली. "तुला एकट्याला कळलं होतं. ते घाबरून पडलेत रे आत. त्यांना वाटतंय, डोकं गेलं. आणि तू डॉक्टरांना फोन केलास!"

"बावीस वर्षं!" दादा एकदम ओरडला. सगळे दचकले. "बावीस वर्षं मी आणि हिनं ह्या घरात काढली. आईचं दुखणं, अप्पांची बेडपॅन, रात्री-अपरात्री रिक्षा. तुम्ही यायचात दिवाळीला, फराळाला. आणि खालच्या जोशांनी रविवारी सांगितलं, घराचे तीन हिस्से! तीन! म्हातारपणी मी बायकोला घेऊन कुठे जाऊ? तुमच्या हिश्श्यांचे पैसे कुठून आणू?"

"कागद कुठाय?"

तो उठला, देवघरात गेला, देवांच्या चौरंगावरचं लाल वस्त्र उचललं. खाली घडी केलेला कागद आणि दुसरी पाटली. "फाडणार होतो," तो म्हणाला. "हात धजावला नाही."

भाग्यश्रीनं कागद उघडला. अप्पांचं अक्षर, मोतीबिंदूमुळे वर-खाली गेलेलं. 'राहत्या घराचे तीन समान हिस्से करावेत.' तिथे पान संपलं होतं. तिनं कागद उलटला.

"दादा, तू मागची बाजू वाचलीस?"

"मागे काय?"

"अप्पांनी आयुष्यात कधी कागदाची एक बाजू कोरी सोडलीय?" तिनं वाचायला सुरुवात केली. "'मात्र चि. बाळ व त्याची पत्नी हयात असेपर्यंत घर विकू नये, वाटू नये; ते दोघे निर्धास्त राहोत. माझ्या पत्नीच्या पाटल्या थोरल्या सुनेस द्याव्यात. पोटच्या मुलीनं केलं नसतं, एवढं तिनं आमचं केलं.'"

वहिनी मटकन खाली बसली. हातातली पाटली तिनं जमिनीवर ठेवली आणि तोंड झाकून घेतलं. दादा उभाच होता.

मुक्ताई उठली. डोळे पुसून झाले होते.

"साहेब, माफी-बिफी राहू द्या," ती म्हणाली. "पण जिन्यात सगळ्यांनी ऐकलं मले चोर म्हणून. तिथंच सांगा जी, मी चोर नाही म्हणून. तेवढ्याच जोरात."

वहिनी उठली, जिन्यात गेली. तिन्ही मजल्यांना ऐकू जाईपर्यंत तिनं दोनदा सांगितलं, की मुक्ताईंनी काही घेतलं नाही, चोरी आमच्याच माणसानं केली.

आता उरलं एकच काम, आणि ते करायची छाती कुणाची होत नव्हती. अप्पांना त्यांचं डोकं परत द्यायचं तर मुलगा हिरावून घ्यावा लागणार होता.

"मी नाही सांगणार," भाग्यश्री म्हणाली. "तू सांग, दादा."

तो आत गेला. दार लोटलेलं होतं. भाग्यश्रीला शब्द कळले नाहीत, नुसती दादाची पुटपुट ऐकू आली, अडखळत, बराच वेळ. मध्येच अप्पांचा आवाज आला, लहान मुलासारखा आनंदलेला, "म्हणजे आज शुक्रवारच!" आणि मग पुढे काहीच नाही.

बाराला डॉक्टर आले. त्यांना कुणी थांबवलं नाही. थांबवायचं सुचलंच नाही कुणाला. सगळे अप्पांच्या खोलीत गोळा झाले. दादा दाराशी, भिंतीला चिकटून उभा होता. अप्पा उशीला टेकून ताठ बसले होते. त्यांनी मुक्ताईला जवळ बोलावून आधी तिच्यापुढे हात जोडले, मग डॉक्टरांकडे वळले.

"हं, विचारा."

"आजोबा, आज वार कोणता?"

"शुक्रवार. तिथी एकादशी. पुढे?"

"शंभरातून सात वजा करत चला बघू."

"त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. कुठवर जाऊ? तुमची फी वसूल होईपर्यंत?"

डॉक्टर हसले. बाकी कुणी हसलं नाही. "छान. तुम्हाला मुलं किती?"

अप्पा थांबले. एवढा वेळ थांबले, की डॉक्टरांनी लिहिणं थांबवून वर पाहिलं. दाराशी दादाची मान खाली गेली.

"तीन," अप्पा म्हणाले. "पण डॉक्टर, एवढं एक मात्र आठवावं लागलं."